नामांतरण

गेल्या वर्षी ८ मार्चला आमच्या इंदूरातील एका महाविद्यालयाने महिला दिनाच्या समारंभास आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविले होते. निवृत्त अधिकाऱ्यास अशा निमंत्रणांची सवय असते. भाषणाचीही चिंता नव्हती. देवी अहिल्याबाईंच्या नगरीत राहून स्त्रीमहात्म्यावर पाऊण तास बोलता येत नसेल तर तो मनुष्य इंदूरकर नव्हेच. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती गेले, १७६६ साली सासरे, पुढच्याच वर्षी पुत्र. आणि त्यानंतर १७९५ पर्यंत महेश्वराहून चाललेला तो कारभार. विश्वविद्यालयास १९८८ पासून त्यांचेच नाव आहे. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हापासून तर हे भाषण आम्हांस मुखोद्गतच झाले आहे.

भाषण झाले, टाळ्याही झाल्या. नंतर विद्यार्थिनी आम्हांस प्रदर्शन पाहावयास घेऊन गेल्या. भिंतीवर झाशीची राणी, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची चित्रे होती. कोपऱ्यात एका मेजावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. प्रत्येकाने आपली आई, आईची आई, वडिलांची आई आणि पणजी यांची माहेरची संपूर्ण नावे लिहावीत आणि चिठ्ठी दोरीला अडकवावी, एवढाच खेळ. एका मुलीने लेखणी आमच्या हाती दिली.

आईचे नाव लिहिले. मातामहीचेही, थोडे अडखळत, लिहिले. वडिलांच्या आईपाशी लेखणी थांबली. जिच्या हातचे थालीपीठ खाऊन आम्ही वाढलो, तिला सासरी काय म्हणत ते ठाऊक होते. ती कोणाची लेक, कोणत्या नावाची, हे ठाऊक नव्हते. पणजीचा तर प्रश्नच नव्हता. मुलगी सुसंस्कृत होती. ‘काका, नंतर लिहा’ म्हणाली. चिठ्ठी आम्ही खिशात घातली.

घरी येऊन वंशावळ काढली. आपल्यासारख्या, पेशवाईत नर्मदेच्या उत्तरेस आलेल्या घराण्यांत हा कागद देवासारखा जपलेला असतो. आमच्यात आठ पिढ्यांचे पुरुष आहेत. कोण कोणत्या स्वारीत होता, कोणास कोणती सनद मिळाली, एक जण दत्तक गेला तर कोठे गेला, सारे नमूद आहे. स्त्रिया चार, त्यांतल्या दोघी सती गेल्या म्हणून, आणि दोघी निपुत्रिक राहिल्याने दत्तकविधान करावे लागले म्हणून. म्हणजे संसार नीट केला असता तर त्याही आल्या नसत्या.

आमची उभी हयात महसूल खात्यात गेली. जमिनीच्या नोंदीत मालक बदलतो त्यास आमच्या मध्य प्रदेशात नामांतरण म्हणतात, महाराष्ट्रात फेरफार. अर्ज येतो, इश्तिहार निघतो, हरकती मागविल्या जातात, मग तहसीलदाराचा आदेश. पाव बिघ्याची जमीन असली तरी जुन्या मालकाचे नाव त्या प्रकरणात कायम राहते. शंभर वर्षांनीही कोणी शोधले तर सापडते. असे नामांतरणाचे शेकडो आदेश आमच्या सहीने निघाले आहेत. आणि आमच्याच लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने आम्ही एक नाव कोरले, तेव्हा हरकत मागविण्याचे आम्हांस सुचले नाही. बावीस वर्षे ज्या नावाने ती वावरली ते तांदळाबरोबर सावडून घेतले गेले. त्या दिवशी सारे हसत होते. तीही हसत होती, असे आम्हांस आठवते. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘हसू नको तर काय करू?’

थोरांच्या घरीही हेच घडले आहे. मनकर्णिका तांबे लक्ष्मीबाई झाली, कल्याणची यमुना आनंदी झाली. बडोद्याचे उदाहरण तर विलक्षण आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या; माहेरच्या लक्ष्मीबाई, सासरी चिमणाबाई झाल्या. १८८५ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी महाराजांचा दुसरा विवाह झाला. आमच्या शेजारच्या देवासच्या घाटग्यांची गजराबाई बडोद्यास गेली आणि तिचेही नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. दिवंगत सवतीचे नाव जिवंत स्त्रीस! बडोद्याच्या रावपुऱ्यातील १८९६ चा चिमणाबाई टॉवर पहिलीच्या स्मरणार्थ आहे. तो दुसरीने आपल्याच नावाचा म्हणून आयुष्यभर पाहिला असेल काय, असे आमच्या मनात येते.

येथे मात्र प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. याच दुसऱ्या चिमणाबाईंनी १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अध्यक्षपद भूषविले. दिलेले नाव त्यांनी कर्तृत्वाने आपले करून घेतले. तेव्हा नाव बदलणे हाच अपराध, असे म्हणणे आम्हांस एकांगी वाटते. संन्याशीही नाव बदलतो, पण तो स्वतः बदलतो. न विचारता बदलणे आणि बदलल्यावर पहिल्याची नोंदही न ठेवणे, अन्याय आहे तो येथे. विशेषतः नोंदी ठेवणे हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांच्या हातून. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लावण्याचा निर्णय केला, तो आम्हांस आवडला. परंतु शासन पुढच्यांचे पाहील. मागच्यांचे आपल्यावाचून कोण पाहणार?

एक मित्र म्हणाले, ‘तुमच्या आजीला याचे काही नव्हते, तुम्हांला कशाला?’ यास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. मृतांचे ऋण म्हणून आपण जे फेडतो ते पुष्कळदा आपल्याच समाधानासाठी असते, हे खरे. ग्वाल्हेरीस आमची आत्या आहे, नव्वदीच्या पुढची. तिला दूरध्वनीवर विचारले. नाव तिलाही ठाऊक नव्हते. पण ती म्हणाली, ‘आईची धाकटी बहीण वर्षा-दोन वर्षांनी यायची. दारातूनच काहीतरी वेगळ्याच नावाने हाक मारायची. आई एरवी सासऱ्यांसमोर ओसरीवर येत नसे. त्या हाकेला मात्र हातातले पीठ तसेच घेऊन धावत यायची.’ काय नाव, ते आठवेना. दोन अक्षरी होते, एवढे खात्रीने सांगितले.

मित्राचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले.

वंशावळीची नवी प्रत सध्या आम्ही लिहून काढीत आहोत. सुनेने आपले माहेरचे नाव स्वतःच्या अक्षरात घातले. पत्नीने तिचे घातले, तेही प्रथम ‘राहू द्या आता’ म्हणून. आजीच्या जागी ‘अज्ञात’ लिहावे, असे नातवाने सुचविले. आम्ही लिहू दिले नाही; जागा दोन अक्षरांपुरती मोकळी सोडली आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी शंभर वर्षांपूर्वी माळव्यातून इंदूरास दिलेल्या लेकींची टिपणे असतील तर त्यांनी ती एकवार चाळावीत, ही विनंती. महाविद्यालयाची चिठ्ठी अजून आमच्याकडेच आहे.