निघण्यापूर्वीची रांग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उमरोळीच्या एका घरी आम्ही सायंकाळी भेटीस गेलो होतो. त्या घरचा मुलगा सैन्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत त्याची तुकडी काँगोला जाणार होती आणि प्रस्थानापूर्वी तो थोड्या दिवसांच्या रजेवर आला होता. ओटीवर जमलेल्या भावंडांना तिथली जंगले, नद्या आणि बंडखोर यांविषयी ऐकायचे होते. तो मात्र रांगांविषयीच बोलत राहिला.

“फादर, कित्येक आठवडे आम्ही दुसरे काही केलेच नाही. नुसते रांगेत उभे राहिलो.” रक्त तपासणीची रांग, छातीच्या एक्स-रेची रांग, दातांची रांग. मग लसी. पीतज्वराची लस टोचल्यावर तिचा दाखला दहा दिवसांनीच ग्राह्य धरला जातो, म्हणजे तेवढे दिवस आधी उरकायला हवे. नाव, क्रमांक, रक्तगट, वडिलांचे नाव ही एकच माहिती चार वेगवेगळ्या कागदांवर. फोटो काढले, ते चुकीच्या आकाराचे ठरले, पुन्हा काढले. सामान मोजून घेतले, सही केली, परत जमा केले, पुन्हा मोजून घेतले. गाड्यांना पांढरा रंग दिला. नंतर व्याख्याने. “लढायला सांगितले तर एक वेळ जमेल,” तो म्हणाला, “पण असे बसून राहणे फार कठीण.”

आम्ही हसलो, पण त्याचे बोलणे मनात राहिले. सेवेसाठी निघालेल्या माणसाचे दिवस अशा सोपस्कारांत जातात, ते वाया जातात काय? धडधाकट, बुद्धिमान तरुणाला एक क्रमांक बनवून या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवणे हा त्याच्या माणूसपणाचा अवमान नव्हे काय? प्रश्न केवळ सैनिकाचा नाही. आखातात नोकरीसाठी, जहाजावर किंवा परदेशी शिकायला निघालेली आपली मुलेही याच खिडक्यांपुढे उभी असतात.

सगळेच सोपस्कार शहाणपणाचे असतात असे आम्ही म्हणणार नाही. एकच माहिती चार वेळा लिहून घेणे हा बहुधा कुणाच्या तरी आळसाचाच परिणाम असतो, आणि सत्तेला माणसे ताटकळत ठेवण्याची सवय लवकर लागते. अशा कंटाळ्याला सद्‍गुण म्हणून गौरवणे म्हणजे अन्यायाला हातभार लावणे होय. परंतु नेहमी तसेच असते असेही नाही. आमच्याच धर्मग्रामाच्या कार्यालयातील उदाहरण घ्या. विवाहासाठी बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, असे सांगितले की तरुण मंडळी विचारतात, “फादर, बाप्तिस्मा काय दर सहा महिन्यांनी बदलतो?” बाप्तिस्मा बदलत नाही, परंतु विवाह झाल्यावर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत त्या नावापुढे केली जाते. ताजा दाखला मागण्याचे कारण एवढेच, की या माणसाचा विवाह इतरत्र कोठे झालेला नाही ना, हे कळावे. हेलपाटा दाखला आणणाऱ्याला पडतो. संरक्षण मात्र त्याच्याशेजारी वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचे होते.

त्या सायंकाळी नेमके हेच त्या मुलाच्या वडिलांनी वेगळ्या शब्दांत सांगितले. त्यांची सारी हयात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात गेली. ते एरवी फारसे बोलत नाहीत. “आमच्याकडे टाकीत माणूस उतरवायचा म्हणजे आधी परमिट,” ते म्हणाले. “आतली हवा मोजायची, कमरेला दोरी बांधायची, तोंडाशी एक माणूस उभा करायचा. अर्धा दिवस जायचा त्यात. एकदा घाई होती. नाही मोजली.” पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, “त्यानंतर मला त्या कागदाचा कधी कंटाळा आला नाही.”

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विवेक या सद्‍गुणाचे घटक सांगितले. त्यांत त्यांनी स्मृतीची गणना केली आहे. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला त्याचे नवल वाटले होते. विवेक पुढचे पाहतो, मग स्मृती कशाला? त्या गृहस्थांचे बोलणे ऐकताना त्याचा उलगडा झाला. तपासणीच्या यादीतील पुष्कळशा ओळी म्हणजे कुणाच्या तरी मरणाची आठवण असते. कंटाळवाण्या भाषेत लिहिलेली असल्यामुळे ती आपल्याला ओळखू येत नाही, इतकेच.

अशी आठवण आपल्या मराठी मुलखाचीही आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये पुणे डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मुंबईहून जहाजाने निघाल्या आणि पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सैनिक पाठवले गेले. मात्र जखमींना वाहून नेण्याची पुरेशी साधने, डॉक्टर आणि औषधे यांचा हिशेब कुणी नीट केला नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून गर्दीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याला नेण्यात आले. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. न मोजलेल्या वस्तूंची किंमत मोजली ती मात्र गावोगावच्या शिपायांनी.

तिथे निदान जाणाऱ्यानेच सोसले. हैतीमध्ये काय घडले ते अधिक विचारात पाडणारे आहे. जानेवारी २०१० मध्ये भूकंपाने तो गरीब, बहुसंख्येने ख्रिस्ती देश उद्ध्वस्त केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेपाळहून शांतिसैनिकांची नवी तुकडी तेथे आली. ज्यांना आजाराची लक्षणे नव्हती त्यांची निघण्यापूर्वी कॉलऱ्यासाठी तपासणी झालेली नव्हती. छावणीतील मैल्याची व्यवस्था सदोष होती, आणि ते पाणी आर्तिबोनित नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेले. लोक तेच पाणी पीत असत. पुढील काही वर्षांत सुमारे आठ लाख लोकांना कॉलरा झाला, आणि दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने जी उपाययोजना सुचवली तीत एक साधी गोष्ट होती : अशा सैनिकांना निघण्यापूर्वी औषध द्यावे, किंवा त्यांची तपासणी करावी, किंवा दोन्ही करावे. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली.

त्या सैनिकांना आम्ही दोष देत नाही. ते मदतीसाठीच गेले होते आणि स्वतःला निरोगी समजत होते. परंतु वाचकहो, आणखी एक रांग, आणखी एक कंटाळवाणा दिवस किती माणसांना पुरला असता! ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी डोळ्यांसमोरच्या माणसात शोधतो. रांगेत उभ्या असलेल्याचा शेजारी मात्र अजून दिसलेला नसतो. तो दूर कुठे तरी ओढ्यावर पाणी भरत असतो, आणि त्याच्यासाठी आज इथे ताटकळायचे असते. अशा प्रीतीला ना भावना असते ना कौतुक. म्हणूनच ती टिकवणे अवघड.

तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना चौथ्या शतकातच ठाऊक होते, की कंटाळा माणसाला हळूहळू बेपर्वा करतो. शंभर कागदांवर न वाचता सही करणारा हात एकशे एकाव्या कागदावरही न वाचताच सही करतो. रक्त, दात आणि दृष्टी यांची तपासणी इतर लोक करतील. हाती बंदूक घेऊन परक्या देशात आपण कशासाठी जातो, कोणती आज्ञा पाळू आणि कोणती पाळणार नाही, याची तपासणी ज्याची त्यानेच करायची असते. त्यासाठी कोणतीही खिडकी नसते. रांगेतला रिकामा वेळ याच कामी यावा.

त्या मुलाच्या बाबतीत तसे एकदा घडले असावे. आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, “फादर, एका कागदापाशी मात्र पेन थांबले. काही बरेवाईट झाल्यास प्रथम कोणाला कळवावे, असा रकाना होता. आईचे नाव लिहिले होते. मग खोडून बाबांचे लिहिले. आईला एकटीला कळायला नको.” आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोलण्यासारखे काही नव्हते.

वर्षभराने तो सुखरूप परतला. परतल्यावरही तपासण्या होत्या, रांगा होत्या, आणि मलेरियाच्या गोळ्या आणखी काही आठवडे घ्यायच्या होत्या. त्याने पुन्हा मनसोक्त कुरकुर केली. गोळी मात्र एकही चुकवली नाही, असे त्याची आई सांगते.