बेगमी आणि भरवसा

नाताळात परदेशी असलेली आमची मुले गावी येतात आणि सणाची गडबड ओसरली की एखादे जोडपे धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर येऊन बसते. २०१६ च्या नाताळात असेच एक तरुण जोडपे भेटायला आले. आदल्या वर्षी त्यांचा विवाहसंस्कार मीच केला होता. घडलेली हकिगत लिहिण्यास त्यांची अनुमती आहे, नावे सांगण्यास नाही. तेव्हा नावे राहू देत. लग्नानंतर दोघे कॅलिफोर्नियात स्थायिक झाली होती. चहा घेता घेता तो हसत म्हणाला, "फादर, देव आपली काळजी वाहतो, याचा आम्हांला जंगलात प्रत्यक्ष अनुभव आला." ती मात्र हसली नाही. कपात पाहत राहिली. त्या न हसण्यामुळेच मी सविस्तर विचारले.

सप्टेंबर महिन्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एक रात्र तंबूत काढण्याचा बेत त्यांनी केला होता. १८९० साली स्थापन झालेले हे उद्यान सिएरा नेवाडा पर्वतराजीत वसलेले आहे. त्याची छायाचित्रे आपण पाहतो ती बहुधा खालच्या दरीची, म्हणजे सुमारे चार हजार फूट उंचीवरची. ही दोघे गेली ती टुओलमी मेडोज या वरच्या कुरणांत. ती जागा सुमारे साडेआठ हजार फुटांवर आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हा शाळेत शिकलेला धडा येथे लागू पडतो. दरीत सुखाची वाटणारी सप्टेंबरची रात्र या कुरणांत गोठणबिंदूला टेकते, आणि त्यात तेथील कोणाला नवल वाटत नाही.

एका मित्राने आपला तंबू दिला, गाडीने तेथवर सोडले आणि 'उद्या दुपारी न्यायला येतो' म्हणून तो पुढे निघून गेला. तंबू घरी एकदाही उघडून पाहिला नव्हता. पावसापासून बचाव करणारे त्याचे वरचे कापड मित्राच्या घरीच राहिले होते. शेगडी नवी होती, पण सोबत घेतलेला गॅसचा डबा तिला बसेना. अंगावर सुती कपडे, झोपायच्या पिशव्या पातळ, खाली अंथरायला काही नाही. दुपारी त्या डोंगरांत नेहमी येते तशी गडगडाटी सर आली, गारा पडल्या आणि सगळे भिजले. मोबाइलला तेथे संपर्क मिळेना. एका गोष्टीची मात्र पुरेशी तरतूद होती : आईने वसईहून पाठवलेले सुके बोंबील. ते त्यांनी तंबूत उशाशी ठेवले होते! त्या प्रदेशात काळी अस्वले वावरतात. वास येणारा प्रत्येक जिन्नस, अगदी साबण आणि दात घासायची पेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत ठेवण्याचा तेथे दंडक आहे. संध्याकाळी फेरीवर आलेल्या वनरक्षकाने ती पुडी पेटीत ठेवायला लावली, म्हणून एक संकट तरी टळले.

पुढचे हसण्यासारखे नाही. अंधार पडल्यावर ती थरथरू लागली. शेजारच्या तंबूत एक वृद्ध अमेरिकन जोडपे होते. त्यांनी विचारपूस केली तेव्हा हा म्हणाला, "आम्ही ठीक आहोत." तासाभराने तिची जीभ जड झाली, शब्द अडखळू लागले. शरीराचे तापमान पस्तीस अंशांखाली गेले म्हणजे असे होते. आणि गारठ्याचा घाला माणसाच्या विचारशक्तीवरही पडतो : आपल्याला मदत हवी आहे, हे त्या माणसाला स्वतःला उमगतच नाही. त्या वृद्ध बाईंनी तिचे बोलणे ऐकले, काही न विचारता तिचे ओले कपडे बदलायला लावले, लोकरीची पांघरुणे दिली, खाली घालायला जाड पट्ट्या दिल्या (ओली जमीन हवेपेक्षा अधिक वेगाने अंगातील ऊब ओढून घेते, हे या दोघांना तेव्हा कळले), गरम सूप पाजले आणि गाडीतील हीटर लावून तिला त्यात बसवून ठेवले. सकाळी ती बरी होती.

"ते जोडपे देवानेच पाठवले ना, फादर?" त्याने विचारले.

तेव्हा ती प्रथमच बोलली. "निघताना मी दोन ब्लँकेटे घेत होते. हा म्हणाला, तू अगदी आजीसारखी करतेस. आणि तुमचा उपदेश आठवून दिला. शेतातल्या फुलांचा."

वाचकहो, ते ऐकून मी ओशाळलो. त्यांच्या विवाहाच्या मिस्सात मी मत्तयकृत शुभवर्तमानातील त्या उताऱ्यावर बोललो होतो : काय खावे, काय ल्यावे याची चिंता करू नका, उद्याची चिंता उद्यावर सोडा. विवाहाच्या प्रवचनांसाठी आम्ही धर्मगुरू तो उतारा फार सढळपणे वापरतो. तो ऐकायला गोड आहे आणि मांडवात कोणाला बोचत नाही. परंतु प्रभूने तेथे ज्या गोष्टीला मनाई केली ती मन कुरतडणारी चिंता आहे. तयारीला त्याने मनाई केलेली नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचे उदाहरण त्यानेच दिले. शिष्यांना प्रथम पाठवताना झोळी, भाकर, पैसा काही घेऊ नका म्हणणारा प्रभू आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री त्यांना म्हणतो, ज्याच्याकडे थैली असेल त्याने ती घ्यावी. प्रसंग बदलला, तशी आज्ञा बदलली. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सुचवणारा कोण होता, हे आपण जाणतोच. त्यानेही धर्मग्रंथातलेच वचन पुढे केले होते. बिचाऱ्या नवऱ्याची तुलना मी त्याच्याशी करीत नाही; वचन चुकीच्या जागी वापरणे किती सोपे असते, एवढेच सांगायचे आहे. त्यातला अर्धा दोष तर माझाच.

सेमिनरीत असताना आम्हांला संत थॉमस अक्विनस शिकवीत. चार मुख्य सद्गुणांमध्ये पहिला मान विवेकाला आहे. लॅटिनमध्ये त्याला 'प्रुदेन्तिया' म्हणतात आणि हा शब्द 'प्रोव्हिदेन्तिया' या शब्दाचेच आखूड झालेले रूप आहे. प्रोव्हिदेन्तिया म्हणजे पुढचे पाहणे. देव सृष्टीची जी काळजी वाहतो तिलाही हाच शब्द. अक्विनस म्हणतात की इतर प्राणी या दैवी काळजीच्या छायेत असतात. माणूस मात्र स्वतःची आणि इतरांची काळजी वाहून तिच्यात भागीदार होतो. त्या वेळी परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य त्या दिवशी ओसरीवर मला नव्याने समजले. देवावर भरवसा आणि पिशवीत ब्लँकेट या एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या गोष्टी असतीलच कशाला? ते ब्लँकेट भरणारा हात देवाच्या काळजीचाच एक भाग होता. तो हात तिचा होता, आणि याने तो अडवला.

मी त्याला एवढेच म्हणालो, "देवाने त्यांना पाठवले हे मी नाकारत नाही. पण त्या बाईंनी ती जादा पांघरुणे घरून निघताना गाडीत ठेवली होती. त्या रात्री तेथल्या प्रत्येक तंबूत तुझ्याच पद्धतीचा भरवसा असता, तर देवाने कोणाला पाठवले असते?"

तो गप्प झाला. पण खरे सांगायचे तर माझ्या प्रश्नाने मलाही पुरते समाधान दिले नाही. कारण शुभवर्तमानातल्या दहा कुमारिकांचे काय? शहाण्या पाच जणींनी मूर्ख पाच जणींना तेल दिले नाही, आणि प्रभूने त्यांना दोष दिला नाही. मग वृद्ध जोडप्याने 'तुमचे तुम्ही पाहा' म्हटले असते तर? अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत हरवलेल्यांचा, जखमींचा शोध घेतल्यावर त्याचा खर्च सहसा त्यांच्याकडून वसूल करीत नाहीत. निष्काळजी माणसासाठी दुसऱ्याने आपला जीव का धोक्यात घालावा, असे कोणी विचारील. मला वाटते, त्याचे उत्तर जखमी वाटसरूच्या दाखल्यात आहे. चोरांचा धोका असलेल्या रस्त्याने तू एकटा का निघालास, असे शोमरोनी त्याला विचारीत बसला नाही. आधी जखमा बांधल्या. जो संकटात आहे त्याचा आपल्यावर हक्क आहे, मग संकट त्याने स्वतः ओढवून घेतलेले का असेना. पण ज्याने ते ओढवून घेतले त्याने तो हक्क आधीच गृहीत धरून घराबाहेर पडावे, ही निराळी गोष्ट; तेथे तो दुसऱ्याच्या अंगावरचे पांघरूण न विचारता आपल्या हिशेबात धरतो.

आणि तेलाविषयी म्हणाल तर काही गोष्टी देता येतात, काही येत नाहीत. पांघरूण देता आले, सूप देता आले. परंतु आपले बायकोने ऐकावे, मग बायकोचे आपणही ऐकावे, ही सवय त्या वृद्ध जोडप्याला यांच्या पदरात घालता आली असती का? 'आम्ही ठीक आहोत' हे वाक्य त्याने तिला न विचारता उच्चारले होते. थंडीपेक्षा ते वाक्य तिला अधिक लागले होते. ओसरीवर चार महिन्यांनंतरही ती त्याच्याकडे न पाहता बोलत होती.

त्याच कुरणांत १८६९ च्या उन्हाळ्यात मेंढ्यांच्या कळपाबरोबर फिरलेल्या जॉन म्यूरविषयी सांगतात की तो पाव आणि चहा एवढ्यावर डोंगर धुंडाळी. धर्मनिष्ठ बापाने त्याच्याकडून सारा नवा करार तोंडपाठ करवून घेतला होता. आमचा हा तरुण म्यूरचे उदाहरण देऊ लागला, तेव्हा मला हसू आले. म्यूरला तो डोंगर ठाऊक होता. त्याची झोळी हलकी होती ती त्या जाणतेपणामुळे. याची हलकी होती ती अजाणतेपणामुळे. दिसायला झोळ्या सारख्याच.

आणि 'आजीसारखी' ही थट्टा कशासाठी? आमच्या वसईच्या आज्या मे महिन्यात आगोटीची बेगमी करीत : तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा. घर शाकारून घेत. संध्याकाळी त्याच आज्या गुडघे टेकून रोझरी म्हणत. एक केले म्हणून दुसरे करायचे नाही, असे त्यांच्या मनाला शिवलेही नसावे. पावसात शेजारणीची चूल विझली तर सुकी लाकडे त्यांच्याच पडवीतून जात.

ती दोघे उठली तेव्हा ती म्हणाली, "फादर, पुढच्या वर्षीही जायचे म्हणतो आहोत." मला बरे वाटले. त्यानंतर ती अनेकदा गेली. मध्यंतरी तिने मला सामानाच्या यादीची प्रत पाठवली. दोघांच्या अक्षरांत लिहिलेली आहे. चौथ्या ओळीत दोन जादा पांघरुणे आहेत. बोंबिलांसमोर त्याच्या हस्ताक्षरात 'पेटीत' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.