अकाल तख्तासमोरचे रणगाडे

दहशतवाद लष्कराच्या हाती द्या, चार दिवसांत निकाल लागेल, असं कुणी म्हणालं की मी त्यांना जून १९८४ची आठवण करून देतो. मी नांदेडचा, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी आमच्याच गावात देह ठेवला. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या भोवती मराठी बोलणारी शीख कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे अमृतसरला जे घडलं ते आम्हाला नुसत्या पेपरातल्या बातमीसारखं कधी वाटलं नाही.

सैन्य हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आवारात गेलं ते उगीच नव्हे, हे आधी मान्य केलं पाहिजे. शीख अतिरेक्यांचे म्होरके भिंद्रनवाले यांनी तिथल्या अकाल तख्ताचा किल्ला केला होता. त्याची मोर्चेबंदी शाबेगसिंग यांची, म्हणजे १९७१ साली मुक्तिवाहिनीला तयार करणाऱ्या सेनाधिकाऱ्याची. सैन्य जायच्या वर्षभर आधी, एप्रिल १९८३मध्ये, पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना मंदिराच्या दारातच गोळ्या घालून मारले गेले. एका श्रद्धाळू शिखाला हरमंदिर साहिबच्या पायऱ्यांवर मारलं! माझ्या मते खरी घडी तीच होती. त्या दिवशी संताप शीख घराघरात होता आणि तो खुनी माणसांवर होता. सरकार तेव्हा गप्प राहिलं, आणि पुढच्या वर्षी रणगाडे घेऊन आलं.

आलं तेही कधी? गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाच्या सुमारास. १६०६ साली जहांगीराच्या अमलात लाहोरला गुरू अर्जनदेवांचा छळ करून प्राण घेतले गेले. त्याच वर्षी त्यांच्या मुलाने, गुरू हरगोविंदांनी, अकाल तख्त उभारलं आणि कमरेला दोन तलवारी लावल्या, मीरी आणि पीरी, ऐहिक सत्तेची एक आणि आध्यात्मिक सत्तेची दुसरी. म्हणजे ही वास्तूच मुळी बादशाही जुलमाला दिलेलं उत्तर होती. पुढे १७४० साली हरमंदिरात नाचगाणी भरवणाऱ्या मस्सा रंघडचं मुंडकं दोन शिखांनी उडवलं. १७६२ साली अब्दालीने मंदिर सुरुंगाने उडवलं आणि शिखांनी ते पुन्हा बांधलं. या कथा शीख मूल आजीच्या मांडीवर ऐकतं. रणगाड्याचा गोळा अकाल तख्तावर पडला तेव्हा तो याच कथांच्या ओळीत जाऊन बसला. तो कुणी, कशासाठी डागला याची सरकारी श्वेतपत्रिका निघाली, ८३ जवान आणि ४९३ इतर असे मृतांचे आकडेही आले. शीख संघटनांनी ते कधी मानले नाहीत. पण घटनेचा अर्थ त्याआधीच ठरून गेला होता.

आमच्या गल्लीत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे एक सरदारजी होते. भिंद्रनवाले यांचं नाव काढलं तरी चिडायचे. त्या आठवड्यात ते मला म्हणाले, "मास्तर, त्या माणसाला मी कधी संत मानलं नाही. पण तोफ त्याच्यावर चालली नाही हो, माझ्या तख्तावर चालली." भिंद्रनवाले यांच्यावर सातत्याने टीका करणाऱ्या खुशवंतसिंगांनीही पद्मभूषण परत केलं. अतिरेक्याला एकटं पाडू शकणारी हीच तर माणसं होती. सरकारने डागडुजी करून दिलेलं अकाल तख्तसुद्धा शिखांनी १९८६मध्ये पाडलं आणि कारसेवेने नव्याने बांधायला घेतलं.

मग सूड सुरू झाला. ऑक्टोबरात इंदिरा गांधींची हत्या, पाठोपाठ दिल्लीत शिखांची कत्तल, पुढच्या जूनमध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या स्फोटात गेलेले ३२९ जीव. १९८४च्या कारवाईच्या वेळचे सेनाप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य, दोनदा महावीरचक्र मिळवलेला आपला मराठी माणूस, १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात स्वतःची गाडी चालवत घरी जाताना मारले गेले. त्यांच्या मारेकऱ्यांना १९९२ साली येरवड्यात फाशी झाली. अमृतसरला त्या मारेकऱ्यांचा शहीदी दिवस पाळला जातो. हे लिहिताना मला यातना होतात. पण फाशीने काय होतं आणि काय होत नाही, ते यात दिसतं. १९८४च्या कारवाईचं नेतृत्व करणारे जनरल ब्रार स्वतः शीख. त्यांच्यावर २०१२मध्ये लंडनला चाकूहल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांत असे होते जे १९८४ साली शाळकरी वयाचे होते.

आता याच्या शेजारी मे १९८८ ठेवून पहा. अतिरेकी पुन्हा त्याच आवारात. पोलीस अधिकारी सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली (हे महाराष्ट्र केडरचे, पुढे आपले पोलीस महासंचालक झाले). या वेळी मात्र वेढा घातला, वीज-पाणी तोडलं, वार्ताहरांना बघू दिलं, गाभाऱ्यात कुणी शिरलं नाही. १८ मेला आतले उरलेले हात वर करून बाहेर आले. त्यांनी हरमंदिर साहिबात केलेली घाण जगाने पाहिली. आवारातल्या ढिगाऱ्याखाली छळ करून मारलेल्यांची प्रेतं निघाली. बंदूक तिथेही होतीच. पण न्याय करायची जागा तिने श्रद्धाळू माणसासाठी मोकळी ठेवली, आणि त्याने तो केला.

त्याने हिंसा थांबली नाही, हे खरं. १९९०-९१ ही वर्षं तर भयंकर गेली. तेव्हाचे पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांचे चाहते म्हणतात, शेवटी पोलिसांच्या बळानेच स्वतंत्र शीख राष्ट्राची, खलिस्तानची, चळवळ संपली. मला हे अर्धं पटतं. फेब्रुवारी १९९२च्या निवडणुकीला पाव मतदारही आले नाहीत. वर्षभराने पंचायतींना ऐंशी टक्क्यांच्या आसपास आले. मधल्या काळात खंडणी, मुलींची विटंबना, पोलिसांच्या बायकामुलांचे खून यांना गावं विटली आणि रात्री दार उघडेनाशी झाली. दार बंद झालं म्हणून पोलिसांना माणसं सापडली.

उरलेल्या अर्ध्यासाठी मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांचं काम वाचावं. अमृतसरच्या स्मशानांत बेवारस म्हणून जाळलेल्यांच्या, त्यांच्यासाठी घेतलेल्या लाकडांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. सप्टेंबर १९९५मध्ये पोलिसांनी त्यांना घरून उचललं आणि मारलं. त्याबद्दल पोलिसांना शिक्षाही झाल्या. सीबीआयने नंतर तीन स्मशानांत मिळून असे २,०९७ अंत्यसंस्कार मोजले. ज्या आईचा मुलगा त्या यादीत आहे, तिला दहशतवाद संपला हे कुठल्या तोंडाने सांगायचं, याचं उत्तर बळाची बाजू मांडणाऱ्यांनी द्यावं.