मौन आणि असत्य

मौन हें असत्य नव्हे, असें मीं वर्गांत पुष्कळदां प्रतिपादिलें आहे. र. धों. कर्वे यांनीं खटले सोसून १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्या'चे मी गोडवेही गातों. परंतु माझ्या पंधरा वर्षांच्या मुलानें एके रात्रीं चाचरत स्वप्नदोषाविषयीं विचारलें, तेव्हां मी म्हणालों, "अभ्यास कर." वयांत येतांना असें होतें, तो रोग नव्हे, एवढेंच सांगावयाचें होतें! (शब्दांतच 'दोष' घालणारी आपली भाषाही धन्य.) पुढें त्याच्या उशीखालीं कोणा वैदूच्या पुड्या सापडल्या. मी खोटें बोललों नव्हतों. पण वैदूचें खोटें त्यानें खरें मानलें, कारण खरें ठाऊक असलेला मनुष्य शेजारच्या खोलींत गप्प होता. आतां त्याच्याशीं बोलावयाचें, तर आरंभ माझ्या मौनाच्या कबुलीपासूनच केला पाहिजे.