टाळ्या दुसऱ्यासाठी वाजतात तेव्हा

समजा, जबलपूरच्या एखाद्या मैदानावर शाळांचा फुटबॉल सामना नुकताच संपला आहे. आपल्या मुलाचा संघ जिंकला. विजयी गोल झाला तो त्याने दिलेल्या पासवर. पण 'उत्कृष्ट खेळाडू'चा चषक मात्र गोल करणाऱ्या मित्राला मिळाला. आपला मुलगा बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतो आहे. हात हलत आहेत, चेहरा उतरला आहे. घरी परतताना स्कूटरवर आपण त्याला काय म्हणाल?

बहुतेक वेळा आपण दोहोंपैकी एक वाक्य बोलतो. "बक्षिसात काय ठेवलंय?" किंवा "खरं तर ते तुलाच मिळायला हवं होतं." पहिले वाक्य त्याला पटत नाही, कारण चषक मिळाला असता तर आपणच तो दिवाणखान्यात मांडला असता, हे त्याला ठाऊक असते. दुसरे वाक्य लगेच पटते. आणि ते पटले, की मित्राचा आनंद हा आपला तोटा आहे, असे त्याला वाटू लागते.

हाच प्रसंग दरवर्षी साऱ्या जगासमोर घडतो. 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने १९५६ साली बॅलन डी'ओर, म्हणजे सोन्याचा चेंडू, हा पुरस्कार सुरू केला. पहिला मान इंग्लंडच्या स्टॅनली मॅथ्यूज यांना वयाच्या ४१ व्या वर्षी मिळाला. लिओनेल मेस्सीने तो आठ वेळा जिंकला. खेळ अकरा जणांचा, पण सोन्याचा चेंडू एकाच्याच हाती येतो. इतक्या वर्षांत तो केवळ एका गोलरक्षकाला मिळाला आहे: १९६३ साली सोव्हिएत संघाच्या लेव याशिन यांना. झालेला गोल सर्वांना दिसतो. वाचवलेला गोल फार थोड्यांच्या लक्षात राहतो. म्हणून पुरस्कार खोटा ठरत नाही. पण तो माणसाच्या डोळ्यांनी दिलेला असतो, आणि डोळ्यांना सगळेच दिसत नाही.

देणाऱ्यालाही हे कधी कधी उशिरा उमगते. २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यातील एकमेव गोल आंद्रेस इनिएस्ताचा होता. त्या वर्षीचा सोन्याचा चेंडू मात्र त्याच्याच क्लबमधील सहकारी मेस्सीला मिळाला, इनिएस्ता दुसरा आला. पुढे २०१८ मध्ये 'फ्रान्स फुटबॉल'ने आपल्या संपादकीयातून इनिएस्ताची चक्क क्षमा मागितली. विचार करा, या आठ वर्षांत इनिएस्ताच्या त्या गोलात काही कमी-जास्त झाले होते का? गोल होता तसाच राहिला. बदलली ती पाहणाऱ्यांची दृष्टी.

आपल्या जबलपूरचेच उदाहरण घ्या. रूपसिंह यांचा जन्म १९०८ साली याच शहरात झाला. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद हे त्यांचे थोरले बंधू. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. त्या सामन्यात ध्यानचंदांनी आठ गोल केले, तर रूपसिंहांनी दहा. आज ध्यानचंदांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. ते सर्वथा योग्यच आहे. रूपसिंहांचे नाव मात्र त्यांच्या जन्मगावीही किती जणांना ठाऊक असेल? ग्वाल्हेरच्या ज्या मैदानावर २०१० साली सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात द्विशतक केले, त्या मैदानाला कॅप्टन रूपसिंहांचे नाव आहे. सारा देश त्या दिवशी ते मैदान पाहत होता. नावाकडे किती जणांचे लक्ष गेले? तरीही ते दहा गोल झालेच होते. कीर्ती कमी मिळाली म्हणून कर्म उणे होत नाही.

मग आपल्याला टोचते ते नेमके काय? पुष्कळदा आपल्याला न मिळालेल्या वस्तूपेक्षा ती दुसऱ्याला मिळाली, हेच अधिक बोचते. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहण्यासाठी ज्या चार वृत्ती सांगितल्या, त्यांत एक आहे मुदिता: दुसऱ्याच्या चांगुलपणाने आपल्याला झालेला आनंद. दुःखी माणसाविषयी करुणा वाटणे त्या मानाने सोपे, कारण तिथे आपण वरच्या पायरीवर उभे असतो. मुदितेत दुसरा वर असतो आणि आपल्याला खालून मान उंचावून हसायचे असते. म्हणूनच ती कठीण आहे.

२०२४ साली पॅरिसच्या सोहळ्यात याचे दोन्ही पैलू दिसले. व्हिनिसियस ज्युनियरला पुरस्कार मिळणार नाही असे कळताच त्याच्या क्लबने, रेआल माद्रिदने, सोहळ्याला जाणेच रद्द केले. विजेता रॉड्री दुखापतीमुळे कुबड्या घेऊन मंचावर आला. हा मान आपल्या एकट्याचा नाही, असे सांगून त्याने इनिएस्ता आणि झावी यांची नावे घेतली. ज्यांना सोन्याचा चेंडू कधीच मिळाला नाही, त्यांना त्याने आपल्या क्षणात सामील करून घेतले.

इथे एक शंका येईल. मुदिता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे का? नाही. १९९५ पर्यंत हा पुरस्कार केवळ युरोपीय खेळाडूंना मिळू शकत होता. पेले यांच्यासारख्याचा विचारही होत नसे. स्त्रियांसाठी तो सुरू व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. अशा वेळी बोललेच पाहिजे. फक्त बोलताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला नियम सुधारायला हवा आहे, की ज्याला मान मिळाला तो खाली यायला हवा आहे? पहिल्या इच्छेने जगाचे भले होते. दुसऱ्या इच्छेने आधी आपलेच मन काळवंडते.

ही परीक्षा केवळ खेळाडूंची नाही. कारखान्यात बढती सहकाऱ्याला मिळते, समारंभात जाऊबाईंच्या स्वयंपाकाचे कौतुक होते, शेजारच्या मुलीचे गुण अधिक येतात. आज रात्री झोपण्यापूर्वी अशा एका व्यक्तीचे नाव आठवा आणि तिने खरोखर काय चांगले केले, ते मनाशी स्पष्ट म्हणा. उद्या जमल्यास तिलाही सांगा. सुरुवातीला जीभ अडखळेल. अडखळू द्या.

आणि स्कूटरवर मागे बसलेल्या त्या मुलाला? त्याला म्हणावे, "तुझा पास मी पाहिला. फार सुरेख होता. आणि त्याने गोलही छान मारला, नाही का?" या तीन वाक्यांत त्याचे कर्मही ओळखले गेले आणि मित्राचा आनंदही त्याच्या वाट्याला आला. मात्र असे म्हणता यावे म्हणून आधी एक गोष्ट करावी लागेल. सामना चालू असताना मोबाइल खिशात ठेवून आपल्याला तो पास खरोखर पाहावा लागेल.