पित्याचे ऋण आणि मद्याचे ऋण

काही महिन्यांपूर्वी एक तरुण सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. त्याचे वडील मद्याच्या पुरते आहारी गेले होते. ते उसने काढून पीत आणि घेणेकरी मुलाच्या दारी येत. कचेरीतून विचारणा झाली की ‘आप्पांना ताप आहे’ असे मुलानेच कळवावयाचे. तीनदा त्याने कर्ज फेडले. चौथ्यांदा तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, आता नाही म्हटले तर मी पितृऋण नाकारल्यासारखे होईल काय?”

हा प्रश्न अनेक सुशील घरांत मनातल्या मनात विचारला जातो, म्हणून त्याचा येथे विचार करतो.

पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य, असे आपले धर्मशास्त्र सांगते खरे. परंतु मद्य व द्यूत यांपायी झालेले पित्याचे कर्ज पुत्राने देऊ नये, असाही याज्ञवल्क्यस्मृतीचा स्पष्ट निर्णय आहे. त्या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वरांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ज्या कल्याणी नगरीत रचली, ती १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यातच होती. पुढे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा अधिनियमाने, केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर पित्याचे नवे कर्ज पुत्राकडून वसूल करण्याची वाटच बंद केली. शास्त्रकारांना पितृभक्ती ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? पिता आणि त्याचे व्यसन यांतील भेद मात्र ते जाणून होते. असले कर्ज फेडणारा पुत्र पुढच्या प्याल्याचीच सोय करून ठेवतो.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकरही वकीलच. १९१९ साली ते नाटक रंगभूमीवर आले, आणि मरतानाही पतीचा अपराध झाकणाऱ्या सिंधूसाठी पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांनी डोळे पुसले. तिच्या निष्ठेला वंदन करावे. तथापि ज्या सोसण्याने ना मूल वाचले, ना ती स्वतः, ना सुधाकर, ते सोसणे लेकीसुनांपुढे आदर्श म्हणून ठेवताना आपले मन कचरले पाहिजे. आज घरात स्त्रीवर हात उगारला गेला तर २००५ चाच कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला संरक्षण देतो आणि राहत्या घराचा तिचा हक्क राखतो. त्याचा आश्रय घेण्यात पातिव्रत्याला कोणताही बाध येत नाही.

मग आप्तांनी पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. व्यसन हा रोग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानेही मद्यजन्य मनोविकारांना आजारांतच गणले आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य घरच्या घरी एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते; ते वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे. पित्याचा हात आवरणे पुत्राच्या अधीन नसते. स्वतःचा हात आणि स्वतःची जीभ मात्र त्याच्या अधीन असते.

मी त्या तरुणाला म्हटले, “कर्ज देऊ नकोस, कचेरीत खोटे कळवू नकोस. पण जेवणाचे ताट चुकवू नकोस, आणि दवाखान्यात जायला ते तयार होतील त्या दिवशी रजा काढ. हे सारे ते शुद्धीवर असताना, नम्रतेने सांग. आणि सांगितलेले मोडू नकोस.”

परवा देवळात तो भेटला. आप्पांचे पिणे अद्याप सुटलेले नाही; दोनदा मात्र ते त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. “पहिल्यांदा नाही म्हटले त्या रात्री मला झोप लागली नाही,” तो म्हणाला. ती झोप न लागणे, हीच मला त्याच्या पितृभक्तीची साक्ष वाटते.