पीक कोणाचे, रान कोणाचे?



विदर्भातला शेतकरी रात्ररात्र माळ्यावर बसून जागल करतो. जरा डोळा लागला की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, किंवा रानडुकरांचा कळप तूर-हरभरा तुडवून जातो. कर्ज मात्र तसेच उरते. अशा कळपांना दुसरीकडे हलवावे की मारावे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीला बंदी घातली. पण उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी व सकारण परवानगी वन अधिकारी देऊ शकतात. २०१६ साली बिहारमधील मोकामा येथे सरकारी निर्णयाने दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद झाला. उलट २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर भागात शेतांतील काळविटांचे कळप हेलिकॉप्टरने हाकून नरसाळ्यासारख्या कुंपणात आणले आणि आठशेहून अधिक काळवीट संरक्षित जंगलांत सोडले.

हा दुसरा मार्ग मनाला बरा वाटतो, कारण त्यात रक्त सांडत नाही. परंतु हलवणे नेहमीच निर्दोष नसते. जुन्नर भागातील बिबटे २००१ नंतर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. पुढे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की, जिथे ते सोडले त्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढले. एका गावाचे संकट दुसऱ्या गावाच्या दारात गेले. आणि मुळापासून उठवले जाणे म्हणजे काय, हे उलव्यात कोणी सांगायला नको. विमानतळासाठी इथली दहा गावे उठली, टेकडी कापली गेली, नदी वळवली गेली.

म्हणून 'मारणे वाईट, हलवणे चांगले' एवढ्यावर आपली सदसद्विवेकबुद्धी थांबू शकत नाही. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. शेतकऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ, भक्कम कुंपणासाठी मदत आणि वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे. प्राण्यालाही त्याचे देणे आहे. त्याला विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुसरा उपाय उरला नाही, तर परवानगीने, नेमक्या नेमबाजाकडून, मौजेसाठी नव्हे तर नाइलाजाने मारणे आम्हांला पाप वाटत नाही. मात्र आधीचे उपाय टाळून बंदूक उचलणे हा आळस आहे.

आणि आपले देणे? शहरात बसून 'मुक्या जिवांना मारू नका' म्हणणे सोपे आहे. तूरडाळ दहा रुपयांनी महागली की आपणच कुरकुरतो. जिचा खर्च दुसऱ्यानेच सोसायचा, ती दया अपुरी आहे. प्राणी जगावेत असे वाटत असेल, तर कुंपणाचा आणि भरपाईचा भार आपल्या करांतून व आपल्या ताटातूनही उचलायची तयारी हवी.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे. ह्या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा एवढे जरूर विचारा: सध्या रात्री जागलीला कोण जाते?